ड्रायर जास्त तापतो, पण सेन्सर मीटरवर बरोबर दाखवतो. नेमकं कुठे बघू?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. ड्रायरच्या टेम्परेचर सेन्सरबद्दल जाणकारांचं मत हवं आहे.

मशीन म्हणजे अमेरिकेतला नेहमीचा २४० व्होल्टचा इलेक्ट्रिक ड्रायर, गरम हवा डक्टमधून घराबाहेर सोडणारा. लिंटची (कपड्यांतून निघणाऱ्या तंतूंची) जाळी वरच्या पत्र्यातून ओढून काढायची असते, पॅनेल डिजिटल आहे. बेसमेंटमध्ये ठेवलाय, वय नऊ वर्षं.

त्रास असा: कपडे हातात धरवत नाहीत इतके गरम निघतात. मोजे-पायजम्यांचं इलॅस्टिक सैल पडायला लागलंय. 'लो' लावला तर कमी तापतो, पण तिथेही वाजवीपेक्षा जास्तच. शिवाय अधूनमधून मध्येच थांबून थर्मिस्टरचा (म्हणजे टेम्परेचर सेन्सरचा) एरर कोड दाखवतो. प्लग काढून परत लावला की काही दिवस गुमान चालतो.

आतापर्यंत काय बघितलं:

प्लग काढून मागचा पत्रा उघडला. ब्लोअरच्या हाउसिंगवर थर्मल फ्यूज आणि त्याच्या शेजारी थर्मिस्टर आहे. थर्मिस्टरच्या दोन्ही वायरी काढून मीटर लावला तर १०.४ किलोओहम, खोलीत २४ अंश सेल्सियस होतं. कॅबिनेटच्या आत घडी करून ठेवलेलं टेक शीट (दुरुस्तीचा माहितीकागद) सापडलं, त्यावर २५ अंशाला १० किलोओहम लिहिलंय. फ्यूजला कंटिन्युइटी आहे, म्हणजे आतून तुटलेला नाही. डक्ट पूर्ण साफ केला, बाहेरचा फ्लॅप सणसणीत उघडतो.

ड्रायरच्या मागे, डक्ट सुरू होतो तिथेच प्रोब थर्मामीटर लावला. 'हाय'वर, ड्रम रिकामा असताना १७० फॅरनहाइटपर्यंत (७७ सेल्सियस) जातो. टेक शीटप्रमाणे हीटर १४९ च्या (६५ सेल्सियस) आसपास बंद व्हायला हवा.

सेन्सर ठीक आहे म्हणजे कंट्रोल बोर्ड गेला असं समजायचं का? बोर्ड महाग आहे, म्हणून विचारतोय.

---

ओहमकार

बोर्ड मागवू नका. सेन्सरची बाजू अजून निर्दोष सुटलेली नाही. तुम्ही सेन्सर थंड असताना, तोही वायरी काढून तपासलात. बिघाड बहुतेक वेळा या दोन्हींच्या पलीकडे असतो.

आधी एक गोष्ट बाजूला करू. डक्ट तुंबला की लोकांना वाटतं बाहेर जाणारी हवा जास्त तापेल. तसं होत नाही. हवा कमी वाहिली की हीटरच्या पेटीत उष्णता साठते, तिथला हाय-लिमिट थर्मोस्टॅट (अनेक मशीनमध्ये २५० फॅरनहाइटला उघडणारा) सारखा तुटत-जुळत राहतो आणि कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतो. तुमच्याकडे हवा जोरात वाहतेय आणि बाहेर पडतानाच ती जास्त गरम आहे. म्हणजे हीटर वेळेवर बंद होत नाहीये.

हीटर वेळेवर बंद न होण्याची कारणं मोजकीच:

१. थर्मिस्टर स्वतः सरकलाय, म्हणजे खऱ्या तापमानापेक्षा जास्त ओहम दाखवतोय.
२. थर्मिस्टर ठीक आहे, पण थर्मिस्टर ते बोर्ड या रस्त्यात कुठेतरी जास्तीचा रेझिस्टन्स शिरलाय.
३. बोर्डावरच्या हीटर रिलेचे (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटलेत.
४. हीटरची कॉइल तुटून किंवा लोंबकळून पेटीच्या पत्र्याला टेकलीय. अशा वेळी एका फेजकडून पत्र्याकडे करंट वाहत राहतो आणि बोर्डाने बंद केला तरी हीटर अर्धवट तापत राहतो.

३ आणि ४ ओळखायला मीटरही लागत नाही. 'एअर फ्लफ' म्हणजे बिनहीटची सायकल रिकाम्या ड्रमवर दहा मिनिटं लावा. हवा खोलीइतकीच थंड राहिली तर रिले आणि कॉइल दोन्ही सुटले. कोमट झाली तर प्लग काढून हीटरच्या दोन्ही टर्मिनलच्या वायरी काढा आणि प्रत्येक टर्मिनल ते पेटीचा पत्रा असं मोजा. अनंत यायला हवं. त्याच वेळी दोन टर्मिनलमध्ये मोजून ठेवा. ५४०० वॉटच्या हीटरला हिशेबाने १०.७ ओहम येतात, प्रत्यक्षात ८ ते १२ मध्ये काहीही आलं तर चालेल.

आता १ आणि २ कडे. हा थर्मिस्टर एनटीसी जातीचा, तापला की ओहम कमी होतात. २५ अंशाला १० किलोओहमवाल्या सेन्सरचे अंदाजे आकडे:

० अंश से. – ३३ किलोओहम
१० – २०
२५ – १०
४० – ५.३
५० – ३.६
६० – २.५
६५ – २.१
७० – १.७५
१०० – ०.७

तुमच्या टेक शीटवर तक्ता असेल तर तोच खरा धरा, कारण मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो.

या तक्त्यातच मेख आहे. समजा एका जोडणीत ७०० ओहम जास्तीचे शिरले. खोलीच्या तापमानाला १० किलोओहमचे १०.७ होतील. बोर्डाला वाटेल खोली दीड अंश थंड आहे, आणि तुमच्या-माझ्या मीटरवर तो फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण बोर्ड हीटर बंद करतो २.१ किलोओहमला. त्यातले ०.७ जोडणीनेच खाल्ले. म्हणजे सेन्सर १.४ किलोओहमवर येईपर्यंत हीटर चालू राहणार. १.४ किलोओहम म्हणजे साधारण ७७ अंश. तुमच्या थर्मामीटरने नेमका तोच आकडा दाखवलाय. हा योगायोगही असू शकतो, पण पहिला संशय मी तिथेच धरेन.

तर हे करा, प्लग काढूनच:

सेन्सरच्या वायरी परत लावा. बोर्डाकडचा कनेक्टर काढा आणि सेन्सरच्या दोन पिनांवर तिथून मोजा. कनेक्टर बोर्डावर असतानाच मोजलंत तर बोर्डाचा स्वतःचा रेझिस्टर समांतर धरला जाईल आणि आकडा कमी येईल. बोर्डाकडून आलेला आकडा आणि सेन्सरवर थेट आलेला आकडा यांत ५-१० ओहमपेक्षा जास्त फरक नको. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्या हाताने वायरचा जुडगा ठिकठिकाणी हलवा. विशेषतः ब्लोअरपाशी, आणि जिथे तो पत्र्याच्या भोकातून जातो तिथे.

मग सेन्सर काढून गरम करून बघा, म्हणजे १ चा निकाल लागेल. रीत पुढच्या कुणी लिहिली नाही तर मी लिहितो.

---

कामापुरता

इतकं कशाला? सेन्सर स्वस्त असतो, एका स्क्रूवर बसतो. बदलून टाका. तोवर थर्मल फ्यूज तापून उडण्याची भीती वाटत असेल तर फ्यूजच्या दोन वायरी एकमेकींना जोडून चालवून बघा, निदान कळेल तरी.

---

बोरिवलीचा_वायरमन

वरच्या प्रतिसादातलं फ्यूज बायपास करायचं कुणीही करू नका. एडिसनकरांचा ड्रायर आधीच वाजवीपेक्षा जास्त तापतोय. अशा मशीनमधला शेवटचा पहारेकरी काढून चालवायचं म्हणजे ड्रमच्या खाली साचलेल्या लिंटला काडी लावण्यासारखं आहे. तो फ्यूज एकदाच उडतो, परत जुळत नाही, आणि तसा मुद्दामच बनवलाय. उडालाय का हे बघायचं असेल तर मीटरने कंटिन्युइटी बघा, जोडून मशीन चालवायची गरजच नाही. इथे तर फ्यूज शाबूत आहे, त्यामुळे बायपास करून नवीन काही कळणारही नाही.

सेन्सर आंधळेपणाने बदलण्यातही एक फसवं प्रकरण आहे. नवा सेन्सर लावताना जुनं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा कनेक्टर) ओढून परत खुपसलं जातं, त्यात त्यावरचा ऑक्साइडचा थर घासला जातो आणि दोन-चार आठवडे मशीन उत्तम चालतं. माणूस म्हणतो सेन्सरच खराब होता. मग परत तेच रडगाणं.

गरम करून तपासायची रीत लिहितो. सेन्सर काढा आणि टर्मिनलला दोन लांब वायरी मगरपकडीने लावा. सेन्सर जाड प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घाला, हवा काढून टाका. पिशवीचं तोंड आणि टर्मिनल पाण्याच्या वर राहू द्या. पाणी आत शिरलं तर तेच करंट वाहून नेतं आणि आकडा खोटा येतो.

पहिलं भांडं: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, ढवळत राहायचं. हे शून्य अंश, थर्मामीटर लागत नाही. पाच मिनिटं थांबा, आकडा स्थिर झाल्याशिवाय लिहू नका. ३३ किलोओहमच्या आसपास.

दुसरं भांडं: साधारण ६० अंशाचं पाणी, स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर सेन्सरला अगदी खेटून. २.५ किलोओहम. तक्त्यापासून पाच टक्क्यांत असेल तर सेन्सर पास.

उकळत्या पाण्याचा १०० अंश धरून काही लोक तपासतात. समुद्रसपाटीला ठीक आहे, पण पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं आणि डेन्व्हरमध्ये ९५ च्या. शिवाय त्या वाफेत झिपची पिशवी टिकत नाही. ६० अंश बरं, कारण सेन्सरचं खरं काम त्याच टापूत चालतं.

आकडा हळूहळू, सलग खाली यायला हवा. मध्येच उडी मारली किंवा तापताना क्षणभर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवला तर आत तडा गेलाय, थंड आकडा कितीही सुंदर असू दे. मोजताना दोन्ही टोकं बोटांत धरू नका. थंड सेन्सरचा रेझिस्टन्स जास्त असतो, तिथे अंगाचा रेझिस्टन्सही समांतर लागून आकडा खाली ओढतो.

एरर कोड सेन्सरमुळे येतोय की बोर्डामुळे हे बघायची आणखी एक युक्ती आहे, पण जपून. पाव वॉटचा १० किलोओहमचा साधा रेझिस्टर सेन्सरच्या जागी, बोर्डाकडच्या कनेक्टरमध्ये अडकवा. बोर्डाला वाटतं २५ अंश आहे. मग प्लग लावून नुसतं पॅनेल चालू करा, नाहीतर 'एअर फ्लफ' लावा. कोड गेला तर बोर्ड सेन्सरचा सिग्नल नीट वाचतोय, दोष कनेक्टरपासून सेन्सरकडच्या बाजूला. या अवस्थेत हीटची सायकल लावायची नाही. बोर्डाला कायम २५ च दिसणार, तो हीटर बंदच करणार नाही.

---

ओहमकार

वायरमनदादांशी शब्दशः सहमत. रेझिस्टरच्या युक्तीला एक पुस्ती: एका रेझिस्टरवर थांबू नका. २.२ किलोओहमचाही लावून बघा. ज्या मॉडेलमध्ये डायग्नोस्टिक मोड पडद्यावर तापमान दाखवतो, तिथे १० ला २५ आणि २.२ ला ६३-६४ अंशांच्या आसपास दिसलं तर बोर्डाचं वाचन दोन्ही टोकांना बरोबर आहे. बोर्ड बदलायचा निर्णय इतकं झाल्यावरच.

---

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. निकाल देतो.

'एअर फ्लफ' दहा मिनिटं: हवा पूर्ण थंड. हीटर ते पत्रा: दोन्ही टर्मिनलवरून अनंत. हीटर ९.८ ओहम.

सेन्सर बर्फात ३२.८, ६० अंशाला २.५. आकडा सलग उतरला, कुठे उडी नाही.

बोर्डाकडच्या कनेक्टरवरून, सेन्सर जोडलेला, खोली २४ अंश: ११.१ किलोओहम. सेन्सरवर थेट १०.४ होता. ब्लोअरपाशी जुडगा हलवला की ११ ते १५ मध्ये नाचतो, एकदा तर ओपन दाखवलं.

फोडणी घातल्यासारखा वास वगैरे काही नाही, वायरी वरून बघायला चांगल्या दिसताहेत. आता पुढे?

---

ओहमकार

सापडला चोर. ७०० ओहम वायरीत आहेत, सेन्सर आणि बोर्ड दोघेही सुटले.

कोणत्या वायरीत ते बघायला प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. बोर्डाकडची पिन ते सेन्सरच्या पात्यावरचा (थिंबल ज्यावर बसतं त्या चपट्या टर्मिनलवरचा) धातू, मीटरचं टोक थिंबलवर नको. थिंबलवर लावलंत तर नेमका खराब सांधा मोजणीतून सुटतो. चांगली वायर एक ओहमच्या आत. दुसरी शेकड्यात दिसेल.

वरून सगळं ठाकठीक दिसण्याचं कारण: या सर्किटमध्ये करंट जवळजवळ नसतोच. साधारण ५ व्होल्ट, दहा किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर आणि पुढे सेन्सर, म्हणजे पाव ते अर्ध्या मिलिअँपिअरच्या घरात. हीटरच्या वायरीचं थिंबल सैल झालं तर तिथून वीसेक अँपिअर जातात, ते तापतं, तपकिरी होतं, वास येतो, लगेच कळतं. सेन्सरचं थिंबल सैल झालं तर काहीच जळत नाही. ब्लोअरची थरथर, रोजचं तापणं-निवणं आणि लिंटमधला ओलावा यांनी कथलाच्या मुलाम्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि तो फोडायला या करंटमध्ये दम नसतो. म्हणूनच आकडा नाचतो. कधी पूर्ण तुटला की बोर्ड त्याला ओपन सेन्सर समजून कोड देतो. तुमची दोन्ही लक्षणं एकाच सांध्याची.

दुरुस्ती:

जुनं थिंबल कापून टाका, नुसतं पकडीने दाबून घट्ट करू नका. वायरीचं इन्सुलेशन सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर चकाकणारं तांबं लागेपर्यंत कापत जा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये सहसा लागतं. वायर ताणली जाणार असेल तर १०५ अंशाच्या रेटिंगची, त्याच जाडीची वायर जोडून लांबी वाढवा, आणि तो जोड ब्लोअरपासून लांब ठेवा.

नवं थिंबल कथलाचा मुलामा दिलेल्या पितळेचं, पूर्ण झाकलेलं. १८ ते २२ गेजच्या वायरीसाठी लाल बाहीचं लागतं. बाही नायलॉनची घ्या, ती १०५ अंश सोसते. स्वस्तातली व्हिनाइल ७५ लाच हात टेकते, आणि तुमच्या ब्लोअरपाशी सध्या ७७ आहे. रुंदी विकत घेण्याआधी मोजा: बहुतेक सेन्सरचं पातं पाव इंची असतं, काहींचं ३/१६. पाव इंची थिंबल अरुंद पात्यावर जातं, बसल्यासारखंही वाटतं, आणि महिन्याभरात परत हाच धागा उघडावा लागतो.

क्रिम्पिंगच्या पक्कडीनेच दाबा, साध्या पक्कडीने नाही. दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा. सुटली तर बरंच झालं, आत्ताच सुटली. डाग (सोल्डर) देऊ नका: कथील वायरीत वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि थरथरीने त्याच्या कडेला तांबं तुटतं. काळी टेप तर नकोच, तिचा गोंद तापून वितळतो आणि त्याला लिंट चिकटतं.

सेन्सरचं पातं बारीक स्कॉचब्राइटने दोन्ही बाजूंनी चमकवा. त्यावर खड्डे पडले असतील तर सेन्सरही बदला. पण २५ ला १० किलोओहमवालाच, मॉडेल नंबर घालून. काही मशीनमध्ये हीटरच्या पेटीवर दुसरा, आत येणाऱ्या हवेचा थर्मिस्टर असतो, तो ५० किलोओहमच्या घरातला असतो. दिसायला भाऊ-भाऊ, काम वेगळं. तो मोजून 'पाचपट आकडा, म्हणजे खराब' म्हणून फेकून देणारे कमी नाहीत.

दुसऱ्या वायरीचं थिंबलही याच बैठकीत बदला. तेही त्याच वयाचं आहे.

---

बोरिवलीचा_वायरमन

पत्रा उघडाच आहे तर हीटरच्या पेटीवरचे दोन्ही पार्ट मोजून घ्या, हाय-लिमिट आणि थर्मल कट-ऑफ. दोघांनाही थंड असताना शून्याजवळ ओहम हवेत. आणि मागचा पत्रा लावण्याआधी ब्लोअरभोवतीचं आणि ड्रमखालचं लिंट व्हॅक्यूमने ओढून घ्या. जुडगा पत्र्याच्या भोकातून जातो तिथे रबरी बुच आहे ना ते बघा. नसेल तर पत्र्याची धार वायर कापते आणि पुढचा बिघाड तिथेच ठरलेला.

---

जर्सी_सिटी_१२वा_मजला

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. आमच्याकडे उलट आहे. कपडे दमट राहतात, 'टाइम्ड ड्राय'ला दीड तास लागतो. डक्ट बिल्डिंगवाल्यांनी साफ करून दिला. हीटर १०.५ ओहम, सेन्सर थंड १०.१, बोर्डाकडूनही १०.१. कोड कधीच नाही. सेन्सर कमी ओहम दाखवत असेल का, म्हणजे हीटर लवकर बंद होतोय?

---

ओहमकार

तशी शक्यता असते. सेन्सर खाली सरकला किंवा दोन वायरींमध्ये लिंट आणि ओल धरून गळती झाली की बोर्डाला जास्त गरम वाटतं. पण तुमचे आकडे तसं म्हणत नाहीत. ६० अंशाची चाचणी करून खात्री करा आणि मग सेन्सरचा नाद सोडा.

उंच इमारतीत राहता, म्हणून आधी सॉकेटवरचं व्होल्टेज बघा. अशा अनेक इमारतींना तीन फेजचा पुरवठा असतो आणि घरात दोन फेजमध्ये २४० ऐवजी २०८ मिळतात. व्होल्टेज १३ टक्के कमी, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २०८ भागिले २४० चा वर्ग ०.७५. ५४०० वॉटचा हीटर ४०५० वर येतो. ड्रायर निरोगी, वेळ मात्र तिसऱ्या हिश्श्याने जास्त. तासाच्या कामाला ऐंशी मिनिटं लागली तर त्यात बिघाड नाही. काही कंपन्या २०८ साठी वेगळा हीटर देतात, मॉडेल नंबर घालून शोधा.

सॉकेट मोजायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, तिथे प्लग काढून काम होत नाही. दोन गरम टोकांमध्ये २०८ किंवा २४०, आणि प्रत्येक टोक ते न्यूट्रल १२० असायला हवं. एका टोकाला १२० नसतील तर जोडब्रेकरचा एक पाय उडालाय. मोटर बहुतेक एका पायावर चालते, म्हणून ड्रम मजेत फिरतो आणि हीटर बर्फासारखा थंड. तुमच्याकडे थोडी का होईना गरमी आहे, त्यामुळे हे नसावं.

डक्ट 'साफ केला' म्हणजे किती लांब आहे तेही विचारा. अमेरिकेतल्या घरबांधणी नियमाप्रमाणे चार इंची गुळगुळीत धातूचा डक्ट ३५ फुटांपर्यंत, त्यातून प्रत्येक काटकोनी वळणाचे ५ फूट वजा. चार वळणं असतील तर उरले १५ फूट. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरायचा.

---

बोरिवलीचा_वायरमन

आणि दमट राहणं फक्त 'ऑटो'ला होत असतं तर मी ड्रममधल्या ओलाव्याच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं असतं. जाळीजवळच्या दोन धातूच्या पट्ट्या. सुगंधी ड्रायर शीटचा मेणचट थर त्यांच्यावर बसतो. कापूस आणि रबिंग अल्कोहोलने पुसायच्या. तोच थर लिंटच्या जाळीवरही बसतो. जाळी नळाखाली धरा: पाणी आरपार न जाता वर साचलं तर ब्रश आणि भांड्यांच्या साबणाने घासा. नुसतं बोटाने लिंट काढून हा थर जात नाही.

भारतात वाचणाऱ्यांसाठी: इथल्या २३० व्होल्टच्या, दोन किलोवॉटच्या ड्रायरलाही तोच वर्गाचा नियम. पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की हीटर १३६५ वॉटवर येतो, आणि लोक सेन्सर बदलत बसतात. फिरत्या टायमरवाल्या साध्या मशीनमध्ये थर्मिस्टर नसतोच, बायमेटलचा थर्मोस्टॅट असतो. त्याला थंड असताना शून्याजवळ ओहम आणि तापल्यावर ओपन, मधलं काही नाही. स्पेअरच्या दुकानात जुना पार्ट हातात घेऊनच जा. वॉशिंग मशीनचे एनटीसी तिथेच शेजारच्या डब्यात असतात, सगळे १० किलोओहमचे नसतात, आणि दुकानदार 'चालेल हो' म्हणून देतो.

---

एडिसनकर

एक वायर ०.४ ओहम, दुसरी ६९० ते अनंत. कापलं तर थिंबलच्या आत वायरीचे बरेचसे पदर तुटलेले, उरलेले हिरवट-काळे. दोन सेंटिमीटरवर चांगलं तांबं लागलं. दोन्ही थिंबलं नायलॉनची लावली. बोर्डाकडून आता १०.४, जुडगा कसाही हलवला तरी आकडा हलत नाही. रिकाम्या ड्रमवर 'हाय': १५० फॅरनहाइटला हीटर बंद, १३७ ला परत चालू.

शेवटची शंका: इतके दिवस १७० ला चाललाय, तर थर्मल फ्यूज बदलून टाकू का? अजून शाबूत आहे.

---

ओहमकार

१५० आणि १३७ म्हणजे उत्तम. १०-१५ फॅरनहाइटची दरी असायलाच हवी.

फ्यूजवरचा छापील आकडा बघा. ब्लोअरवरचे बरेच फ्यूज १९६ फॅरनहाइटचे असतात. १७० ला तो थकत असला तरी लगेच बदलायची गरज नाही. एक सुटा आणून मशीनच्या मागे टेपने चिकटवून ठेवा. उद्या उडालाच तर नवा लावण्याआधी मागचा पत्रा काढून परत बोर्डाकडून ओहम मोजा, नुसता फ्यूज टाकून मोकळे होऊ नका.